एकतिसाव्या पानावरची आकृती

त्याला सगळे खटपट्या म्हणत. नाव ठेवणाऱ्याने अगदी मोजूनमापून ठेवलं होतं. बंद पडलेली वस्तू दिसली की हा गडी तहानभूक विसरायचा. त्यातही व्हिडिओ गेमची जुनी उभी मशीनं म्हणजे त्याचा जीव की प्राण. कपाटाएवढं लाकडी खोकं, पोटात टीव्ही, समोर एक दांडा आणि चार बटणं, फटीतून नाणं टाकलं की खेळ सुरू. एके काळी त्यांच्यापुढे रांगा लागायच्या. आता ती हौशी लोकांच्या घरात शोभेला असतात, आणि बिघडली की त्यांचे मालक शहर पालथं घालून शेवटी खटपट्याच्या दारात येतात. बाकीचे मेकॅनिक एक तर वर गेले, नाही तर मोबाइल दुरुस्त करायला बसले.

वय अडुसष्ट. चष्मे तीन. एक नाकावर, एक कपाळावर आणि एक कायम हरवलेला. जिभेला हाड नाही. गिऱ्हाइकाने "कधी मिळेल?" म्हणून विचारलं की हा म्हणणार, "मशीनने मला सांगितलं की मी तुम्हाला सांगतो." दुकान म्हणजे शिंप्याच्या मागची एक लांबट खोली. पाठ उघडी टाकलेली सात-आठ मशीनं, वायरींचा गुंता, आणि टेबलासमोरच्या भिंतीवर खिळ्याला अडकवलेला एक काळा ठिक्कर पडलेला सर्किट बोर्ड. त्या बोर्डाबद्दल कुणी विचारलं की खटपट्याचं एक वाक्य ठरलेलं होतं.

"हा आमच्या धाकट्याचा पराक्रम. सख्खा भाऊ, पण हात आंधळे."

बत्तीस वर्षं हे वाक्य त्याने येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवलं. कधी तरी जीभ झडायला हवी होती, पण नाही.

झालं होतं असं. तेव्हा दोघं भाऊ मिळून गेम पार्लर चालवायचे. अकरा मशीनं होती. त्यातल्या एकाचा वीज पुरवणारा बोर्ड गेला आणि नवा कुठे मिळेना. त्या काळी एक तांत्रिक मासिक निघायचं. रेडिओ, टीव्ही, गेमची मशीनं, सगळ्यांच्या दुरुस्त्या त्यात आकृत्यांसकट यायच्या. त्याच्या मे महिन्याच्या अंकात एकतिसाव्या पानावर नेमकी असल्याच बोर्डाची आकृती आली. खटपट्याने पान धाकट्याच्या हातात दिलं आणि सांगितलं, बनव. धाकट्याने आठ दिवस खपून बोर्ड बनवला. एकवीस जूनला, भर दुपारी, पार्लर उघडायच्या आधी मशीनला लावला आणि बटण दाबलं. पाच मिनिटं झाली नसतील, आत फाडकन आवाज झाला, ठिणग्या खालच्या स्पंजवर पडल्या आणि मशीन पेटलं. मग शेजारचं पेटलं. वायर उपटायला धाकट्याने आत हात घातला, तो मनगटापर्यंत भाजला. उजवा हात. बोटं एकमेकांना चिकटली ती कायमची.

आग विझल्यावर खटपट्याने जळका बोर्ड उचकटून पाहिला. एक कपॅसिटर फुटला होता. कपॅसिटर म्हणजे वीज साठवणारं, बोटाच्या पेराएवढं डबडं. त्याला एक टोक अधिकचं, एक उण्याचं. उलटं लावलं की तापतं आणि फुटतं. फुटलंय म्हणजे उलटं लावलं होतं, संपला विषय.

"दादा, पानावर होतं तस्संच लावलं रे मी," धाकटा म्हणाला.

पान कुठे होतं? जळून गेलं होतं. खटपट्याने अख्ख्या गल्लीसमोर त्याच्या एक मुस्काटात ठेवून दिली. भाजलेला हात ओल्या टॉवेलात धरून उभ्या असलेल्या माणसाच्या! बघणाऱ्यांनी माना फिरवल्या. धाकटा त्याच आठवड्यात बायकोला घेऊन चार तासांच्या अंतरावरच्या गावी निघून गेला आणि तिथल्या एका गोदामाच्या फाटकावर बसून डाव्या हाताने गाड्यांचे नंबर लिहीत राहिला. पार्लर बुडालं. भावाभावांचं बोलणं तुटलं.

आणि बत्तीस वर्षांनी एका सकाळी दुकानातला फोन वाजला.

"भाऊजी, मी बोलतेय." धाकट्याची बायको. आवाज एवढा थकलेला की खटपट्याने आधी ओळखलाच नाही. "यांच्या दोन्ही किडन्या गेल्यात. डॉक्टर म्हणाले महिना, फार तर दीड. घरीच आणलंय."

 खटपट्याने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"एकच धरून बसलेत," ती म्हणाली. "डाव्या बोटाने चादरीवर कसली तरी आकृती काढतात आणि मला विचारतात, मी तसंच लावलं होतं ना गं? मला मेलीला काय कळतंय त्यातलं? मी म्हणते, हो हो. तर म्हणतात, तू नको सांगू, दादाला सांग ते पान शोधून आण. एवढं बघितलं की सुटलो. भाऊजी, राग मानू नका, पण रिकाम्या हातांनी येऊ नका. त्यांना ते सोसायचं नाही."

आता खरं सांगायचं तर, फोन ठेवल्यावर खटपट्याच्या मनात पहिल्यांदा काय आलं? दुःख आलं, नाही असं नाही. पण त्याच्या मागोमाग एक गोड विचार आला. पान शोधायचं, धाकट्यापुढे ठेवायचं, ही बघ तुझी चूक म्हणून दाखवायची, आणि मग मोठ्या मनाने म्हणायचं, जाऊ दे रे, झालं गेलं गंगेला मिळालं. माफ करायला निघाला होता महाराज!

बायकोने हे ऐकलं आणि भाजी निवडता निवडता विचारलं, "आणि पान त्यांच्या बाजूने निघालं तर?"

"छापलेलं चुकतं का?"

"आपल्या लग्नाच्या पत्रिकेत माझ्या बापाचं नाव चुकलं होतं."

"लग्न झालंच ना तरी?"

"तेच तर," बायको म्हणाली आणि भाजी घेऊन आत गेली.

शोध सुरू झाला. मासिक बंद पडून वीस वर्षं झालेली. वाचनालयात गेला, तर तिथल्या बाईंनी सांगितलं की जुने अंक वाळवीने खाल्ले आणि वाळवीने टाकलेले रद्दीत गेले. रद्दीवाल्यांची सहा गोदामं त्याने उपसली. एका हौशी माणसाने फोनवर छाती ठोकून सांगितलं, सगळे अंक आहेत माझ्याकडे, तिकडे जावं तर पठ्ठ्याने नुसती मुखपृष्ठं कापून भिंतीला लावलेली. आत काय होतं म्हणे? "आत कंटाळवाणं होतं हो." खटपट्या त्याला मारायचाच बाकी राहिला. एका म्हाताऱ्या रेडिओ मेकॅनिककडे तीन अंक निघाले, डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली, तेही भलत्याच वर्षाचे. यात अठरा दिवस गेले. भावजयीचा रोज फोन यायचा, आणि रोज ती एकच विचारायची, "मिळालं?"

तुम्ही म्हणाल, इतकं मोठं पार्लर चालवणाऱ्याकडे स्वतःचे अंक नव्हते का? होते ना. वर्गणी भरून घरपोच यायचे. पण खटपट्याची एक पद्धत होती. त्या धंद्यात बऱ्याच जणांची होती, पण याच्याइतकी पक्की कुणाचीच नाही. अख्खा अंक दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही. ज्याला जे काम, त्याला तेवढं पान फाडून द्यायचं, बाकीचा अंक लोखंडी कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली कमरेला. विद्या वाटली की धंदा वाटला जातो, असं त्याचं म्हणणं. सख्ख्या भावालाही त्यातून सूट नव्हती. धाकटा बिचारा वाचायला हपापलेला. पोस्टमन दिसला की विचारायचा, "दादा, नवा अंक आला का रे?" उत्तर ठरलेलं, "आधी हातातलं पान संपव." आणि आगीनंतर खटपट्याने रागाच्या भरात कपाट जसंच्या तसं भंगारात फुंकून टाकलं होतं.

शेवटी एकच दार राहिलं. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला त्याचा जुना स्पर्धक होता, टीव्ही दुरुस्त करणारा. तो वारून नऊ वर्षं झालेली, बायको एकटीच राहायची. खटपट्याने त्या दाराची कडी वाजवायला दोन दिवस घेतले.

बाईंनी दार उघडलं, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्हीच ना? आमचे हे एकदा तुमच्याकडे एक पान बघायला आले होते. तुम्ही त्यांना उंबऱ्यावरून परत पाठवलं होतं."

"आठवत नाही," खटपट्या म्हणाला. खोटं होतं. चांगलं आठवत होतं.

"त्यांना आठवायचं. म्हणून मग त्यांनी स्वतःच वर्गणी भरली." बाईंनी दिवाणाची फळी वर केली. आत वर्षावर्षाचे गठ्ठे, जाड दोऱ्याने शिवलेले, पाठीवर साल लिहिलेलं. "घेऊन जा हवं ते. काम झालं की आणून द्या. आमच्याकडे कुलूप नव्हतं कधी."

दुसऱ्या कुणाला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. खटपट्यालाही झालं, पण हातात तो गठ्ठा आला आणि बाकी सगळं मागे पडलं. मे महिना, पान एकतीस. ती आकृती! दुकानात येऊन त्याने दार लावून घेतलं आणि कामाला बसला. नुसतं पान घेऊन जायचं नव्हतं त्याला. त्या पानाबरहुकूम बोर्ड बनवायचा, चालवून बघायचा आणि मग तो चालता बोर्ड धाकट्यापुढे ठेवायचा. म्हणजे तोंड उघडायला जागा नको.

पाच दिवसांत बोर्ड तयार झाला. एकही जोड कच्चा नव्हता. एक जागा जरा फसवी होती. त्या कोपऱ्यात अधिक-उणे दर बोर्डात वेगळ्या बाजूंना येतं, त्यामुळे डोक्याने सांगता येत नाही, पानावर विश्वास ठेवावा लागतो. खटपट्याने पानावर बोट ठेवून कपॅसिटर लावला. दोनदा ताडून पाहिला. दुपारी चार वाजता बटण दाबलं आणि समोर स्टूल घेऊन बसला.

चौथ्या मिनिटाला फाडकन आवाज झाला.

शिंपी धावत आला. "काय झालं हो?" खटपट्याने हातानेच त्याला दारात थांबवलं. खोलीभर तो घाण, आंबूस वास पसरला होता. बत्तीस वर्षांत विसरला नव्हता तो वास. त्याने वीज बंद केली, चष्मे बदलून बदलून बोर्ड आणि पान ताडून पाहिलं. एकदा, दोनदा, पाचदा. सगळं पानावर होतं तस्संच होतं. मग खिळ्यावरचा काळा बोर्ड काढून शेजारी ठेवला. फुटलेल्या डबड्याच्या बुडाशी उण्याची पट्टी अजून दिसत होती. दोन्ही बोर्डांवर ती एकाच बाजूला होती. धाकट्याचा हात चुकला नव्हता. पानच चुकलं होतं.

"अरे देवा," खटपट्या म्हणाला. "अरे देवा, काय केलं मी हे."

शिंप्याने पाणी आणून दिलं. ते प्यायल्यावर, नुसतं हातांना काही तरी हवं म्हणून, त्याने गठ्ठ्याची पुढची पानं चाळली. आयुष्यात पहिल्यांदाच, काम नसलेली पानं. मे संपला, जून लागला. जूनच्या अंकाच्या शेवटच्या पानावर, एका पंख्याच्या जाहिरातीखाली, चार ओळींची चौकट होती. मे महिन्याच्या अंकात पृष्ठ एकतीसवरील आकृतीत खालच्या कपॅसिटरची अधिक व उणे ही चिन्हे अनवधानाने उलट छापली गेली. वाचकांनी दुरुस्ती करून घ्यावी. तसदीबद्दल क्षमस्व.

जूनचा अंक. अंक यायचा महिन्याच्या तीन-चार तारखेला. आग लागली एकवीसला. म्हणजे सतरा दिवस ही चौकट त्याच्याच लोखंडी कपाटात, वेष्टनासकट, पडून होती. आणि धाकट्याने विचारलं होतं, त्याच आठवड्यात विचारलं होतं, "दादा, नवा अंक आला का?" खटपट्याला तो प्रश्न ऐकू आला, आणि आपलं उत्तरही ऐकू आलं. त्या दिवशी तो जेवला नाही. बायकोने खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं सांगितलं आणि लहान पोरासारखा रडला. बायकोही रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "त्यांना एकतिसावं पान दाखवा. चूक छापणाऱ्याची, तुझी नाही, एवढंच सांगा. जायला निघालेला माणूस आहे, सुखाने जाऊ द्या. पुढचं पान कशाला दाखवायला हवंय?"

ती चांगल्या मनाने म्हणाली होती. पण खटपट्याने तो सल्ला कुणासाठी घेतला, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी चार तास बसमध्ये तो मांडीवर गठ्ठा घेऊन बसला होता. वाटेत त्याने दहा वेळा ठरवलं, सगळं सांगायचं. दहा वेळा बेत रद्द केला.

धाकट्याची खोली लहान होती. एक खिडकी, एक पलंग, औषधांचं स्टूल. पलंगावरचा माणूस चिपाडासारखा झाला होता. चेहरा सुजलेला, आणि तो उजवा हात चादरीवर, चिकटलेल्या बोटांचा. खटपट्याची नजर तिथून हलेना. भावजयीने उशी उभी करून त्याला टेकवून बसवलं.

"आणलंस?" धाकटा म्हणाला. बत्तीस वर्षांनंतरचा पहिला शब्द.

खटपट्याने गठ्ठा उघडून त्याच्या मांडीवर ठेवला. एकतिसावं पान. "हे बघ. हे असं छापलंय. मी बनवून पाहिला, माझाही फुटला. तू बरोबर लावलं होतंस. पानच चुकीचं होतं रे. मी उगाच तुला..." 

धाकट्याने डावं बोट आकृतीवर ठेवलं आणि त्या रेषेवरून हळूहळू फिरवलं, अगदी त्या कोपऱ्यापर्यंत. तिथे ते थांबलं. मग त्याचे खांदे हलायला लागले. "बघ गं," तो बायकोला म्हणाला, "बघ, मी तसंच लावलं होतं. सांगत होतो ना मी?" ती तोंडाला पदर लावून नुसती मान हलवत होती. धाकट्याने खटपट्याचं मनगट पकडलं. "दादा, तू आलास हे फार बरं केलंस. मला तर वाटायला लागलं होतं की खरंच माझेच हात आंधळे." त्या क्षणाला खटपट्याने देवाचे आभार मानले. वाटलं, झालं, निभावलं.

"थोडा वेळ ठेवू का हे माझ्याकडे?" धाकट्याने विचारलं. "अख्खा अंक कधी बघायला मिळालाच नाही मला."

नाही कसं म्हणणार? खटपट्या म्हणाला, "ठेव ना."

आणि धाकटा वाचायला लागला. जाहिरातीसुद्धा वाचत होता, मधूनच हसत होता, एक जुना टीव्ही बघून "हा आपल्याकडे आला होता, आठवतंय?" म्हणाला. मे संपला. खटपट्या पलंगाजवळ सरकला. "दमशील रे, झोप जरा," तो म्हणाला, आणि गठ्ठा घ्यायला हात पुढे केला. धाकट्याने मान हलवली आणि पान उलटलं. जून. एकेक पान करत तो शेवटपर्यंत गेला. पंख्याच्या जाहिरातीखाली त्याचं बोट थांबलं. त्याने चार ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या.



"आग एकवीसला लागली ना?" धाकट्याने विचारलं.

"हो."

"जूनचा अंक आला होता तोपर्यंत?"

खटपट्याने खाली बघितलं. "आला होता."

"मी विचारलं होतं तुला."

"हो."

"आणि हे तू येताना वाचलेलं होतंस. माहीत असून मला नुसतं एकतिसावं पान दाखवलंस. आजसुद्धा."

खटपट्याला वाटलं, याने शिव्या द्याव्यात. मारावं. डाव्या हाताने का होईना, सगळ्यांसमोर एक ठेवून द्यावी. तो तसाच मान खाली घालून वाट बघत राहिला. पण धाकट्याने गठ्ठा मिटला, नीट दोन्ही बाजूंनी सारखा केला आणि त्याच्या हातात परत दिला. मग भिंतीकडे तोंड करून बायकोला म्हणाला, "पाहुण्यांना चहा दे. त्यांना लांब जायचंय."

भावजयीने चहा आणून दिला. खटपट्याने तो मुकाट्याने, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. नको म्हणायला माणूस घरचं असावं लागतं.